कोतराचा हिस्सा : बडोद्यातील एका टीपी स्कीमचे प्रकरण

बडोद्याच्या दक्षिण कडेला, विश्वामित्री नदीला मिळणाऱ्या एका कोतराच्या डाव्या काठावर आमची वसाहत उभी आहे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा अशा जुन्या भागांतले वाडे विकून किंवा वाटण्या होऊन बाहेर पडलेली मराठी कुटुंबे आणि त्यांचे गुजराती शेजारी यांनी मिळून ती वसवली. वसाहतीच्या मागची शेतजमीन नगररचना योजनेत, म्हणजे इथल्या बोलीत टीपी स्कीममध्ये, आली तेव्हा या कोतराचे काय करायचे हा प्रश्न निघाला. प्रकरण अजून पुरते मिटलेले नाही, म्हणून योजनेचा क्रमांक, वसाहतीचे नाव आणि माणसांची नावे येथे दिलेली नाहीत.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी कोतर हा शब्द उलगडून सांगायला हवा. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते आणि बडोद्यापर्यंत येता येता गाळाच्या मऊ, पिवळसर मातीतून वळसे घेत खोल उतरते. या मातीला पाण्याने पडलेल्या घळी नदीच्या दोन्ही बाजूंना बोटांसारख्या पसरलेल्या आहेत. त्यांना गुजरातीत कोतर म्हणतात आणि बडोद्यातील मराठी माणूसही तेच म्हणतो. ‘घळ’ म्हटले तर इथे कोणाला चटकन कळायचे नाही. आठ महिने कोतर कोरडे असते. त्यात गांडा बाभूळ, म्हणजे वेडी बाभूळ, वाढतो, मोर फिरतात, लोक राडारोडा टाकतात. पावसाळ्यात मात्र त्याला दोन कामे असतात. शेतातले पाणी नदीकडे नेणे हे पहिले आणि सर्वांना दिसणारे. दुसरे काम नदी फुगली की सुरू होते, आणि त्यात पाण्याची दिशा उलटी असते : नदीचे पाणी कोतरात शिरते, तिथे थांबते आणि नदी उतरली की परत जाते.

हे दुसरे काम आम्हाला ऑगस्ट २०२४ मध्ये समजले. कालाघोडा पुलाजवळच्या मापावर विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट धरतात. त्या पुरात ती ३५ फुटांच्या वर गेली. बडोद्यात पावसाळाभर दोन आकडे तोंडी असतात, कालाघोड्याचा आणि आजव्याचा. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० च्या सुमारास शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या आजवा सरोवराची पातळी २११, २१२, २१३ फूट अशी सांगितली जाते. हे दोन ‘फूट’ एकाच शून्यापासून मोजलेले नाहीत, ही साधी गोष्टही आमच्यापैकी अनेकांना ठाऊक नव्हती. पाऊस ओसरल्यावर आम्ही निश्चिंत झालो होतो. त्यानंतर वरून आलेले पाणी नदीत चढले, कोतरात मागे सरकले आणि वसाहतीत पुढच्या रस्त्याने येण्याऐवजी मागच्या अंगणांतून आले. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला होता, त्या वेळीही पाणी आले होते. पण ते आभाळातले पाणी म्हणून आम्ही सोडून दिले होते. २०२४ चे पाणी जमिनीच्या उताराने आले होते, आणि उतार कसा ठेवायचा हे माणूस ठरवतो.

येथे आमची स्वतःची चूक आधी नोंदवतो, कारण तिच्यावाचून पुढचे कळणार नाही. २०१९ नंतर वसाहतीने वर्गणी काढून कोतराच्या बाजूला एक भक्कम भिंत घातली होती. भिंतीच्या आत दोन-अडीच मीटरची पट्टी भराव टाकून मिळवली होती आणि तिच्यावर तुळशी, जास्वंद आणि गाड्या असा संसार मांडला होता. त्या पट्टीची रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, कोणी मागितली नव्हती आणि कोणी विचारलीही नव्हती. समोरच्या काठावर पंचवीस-तीस झोपड्या आहेत. पुरानंतर तिथल्या एक बाई आमच्याकडे धुण्याभांड्याला आल्या, ओसरीवर बसल्या आणि कसलाही चढा सूर न लावता म्हणाल्या, “तुमची भिंत झाली आणि पाणी आमच्याकडे वळलं, साहेब. आधी ते दोन्हीकडे वाटून यायचं.” या वाक्यावर वसाहतीच्या सभेत तासभर वाद झाला. हे शास्त्रीय आहे का, असे एका गृहस्थांनी विचारले. ते शास्त्रीय होते, हे पुढे मोजणीत दिसले.

पुराच्या पुढच्या हिवाळ्यात टीपी स्कीमचा मसुदा प्रसिद्ध झाला. गुजरातेत शहराची वाढ मुख्यतः या मार्गाने होते, म्हणून तिची रीत थोडक्यात सांगतो. गुजरात नगररचना व नागरी विकास अधिनियम, १९७६ याखाली जमीन संपादन करण्याऐवजी अनेक मालकांच्या जमिनी एकत्र मांडल्या जातात. प्रत्येकाचा मूळ तुकडा म्हणजे ‘ओपी’, आणि रस्ते वगैरे आखून झाल्यावर त्याला परत मिळणारा चौकोनी तुकडा म्हणजे ‘एफपी’. मधली जी वजावट होते तिला सारे ‘कपात’ म्हणतात. कायद्यात या कपातीची ढोबळ वाटणी दिली आहे : रस्त्यांसाठी १५ टक्के, उद्याने व मोकळ्या जागांसाठी ५ टक्के, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी ५ टक्के आणि योजनेचा खर्च निघावा म्हणून विक्रीसाठी १५ टक्के. शिवाय दुर्बल घटकांच्या घरांसाठी १० टक्क्यांपर्यंत जमीन राखता येते. मसुदा करताना मालकांची सभा बोलवावी लागते आणि तो प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्यात हरकती घेता येतात. शेतकऱ्याला जमीन गमवावी लागत नाही, तिचा थोडा भाग देऊन उरलेल्याला रस्ता मिळतो, म्हणून ही पद्धत तुलनेने सलोख्याची मानली जाते आणि ते बरेचसे खरेही आहे.

दोष असा की या साऱ्या रचनेत हिशेब मालकाचा असतो. सभेला मालक येतात, हरकती मालक घेतात, तक्त्यात मालकांची नावे असतात. कोतराला मालक नाही. मसुद्याच्या नकाशावर आमच्या कोतराचा तळ सरकारी पडतर, म्हणजे पडीक जमीन, म्हणून एका रंगात होता, त्याचे उतार लगतच्या शेतांच्या सातबारात पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन, म्हणून मोडत होते आणि तोंडाजवळचा तुकडा गौचर, म्हणजे आपल्याकडचे गायरान, होता. पाण्याच्या दृष्टीने जे एक अंग, ते कागदावर तीन परक्या तुकड्यांत वाटलेले होते. कोतराचा वरचा भाग भरून त्यावर १८ मीटर रस्ता दाखवला होता. मोकळ्या जागेचे ५ टक्के योजनेभर सात कोपऱ्यांत विखुरले होते, म्हणजे जिथे एफपी चौकोनी बसत नव्हता तिथे उरलेला त्रिकोण बाग झाला होता. दुर्बल घटकांच्या घरांचा भूखंड सर्वांत सखल जागी, कोतराच्या अगदी कडेला होता. कोणत्याही मालकाला नको असलेली जागा तीच होती.

बांधकाम नियमांत नदीकाठापासून ३० मीटर आणि इतर जलप्रवाहांच्या काठापासून ९ मीटर अंतर सोडण्याची तरतूद आहे. ती वाचून आम्हाला प्रथम हायसे वाटले. नंतर लक्षात आले की अंतर काठापासून मोजायचे असते, आणि काठ ज्याने आधी भराव टाकला त्याच्या सोयीने सरकलेला असतो. आमच्या भिंतीने तो स्वतःच सरकवला होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २५ मे २०२१ च्या निकालात विश्वामित्रीच्या पात्राबरोबर तिच्या कोतरांचा आणि पूरक्षेत्राचाही विचार केला होता. आम्ही तो निकाल हरकतीला जोडला. पण निकाल जोडल्याने रस्ता हलत नाही. त्यासाठी नकाशावर बोट ठेवून, इथे पाणी इतके चढते, असे सांगता यावे लागते.

ते सांगण्याचे काम एका निवृत्त ओव्हरसियरकाकांनी अंगावर घेतले. सर्वेक्षणाचे यंत्र भाड्याने आणणे परवडणारे नव्हते. त्यांनी गवंडी वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची नळी आणली, पंधरा मीटर लांब, करंगळीएवढी जाड. त्यात पाणी भरून दोन थेंब निळी शाई घातली. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी खोटी निघते, म्हणून पहिला दिवस नळीला टिचक्या मारून बुडबुडे काढण्यातच गेला. रीत अगदी सोपी आहे. एकाने नळीचे एक टोक पुराच्या डागाशी धरायचे, दुसऱ्याने दुसरे टोक पुढच्या घराच्या भिंतीशी न्यायचे. दोन्हीकडचे पाणी स्थिरावले की शाईची रेघ जिथे थांबते तिथे पेन्सिलने खूण करायची आणि त्या घरावरचा पुराचा डाग या खुणेच्या वर किती, खाली किती ते पट्टीने मोजायचे. रस्त्यावरच्या मोरीचा कठडा आम्ही शून्य धरला. नळीचे टोक उघडे राहून पाणी सांडले की काका “अंगठा! अंगठा!” म्हणून ओरडत, आणि महिनाभर मुले एकमेकांना त्याच नावाने हाका मारत होती.

सहा रविवारांत आमच्या काठावरची सगळी घरे झाली. सातव्या रविवारी आम्ही पलीकडे गेलो, आणि हे काम पहिल्याच रविवारी करायला हवे होते असे माझे मत आहे. झोपड्यांच्या भिंतींवर डाग राहिलेले नव्हते, कारण बऱ्याच भिंती पत्र्याच्या किंवा नव्याने बांधलेल्या होत्या. तिथल्या बायकांनी मात्र पातळी घरातल्या वस्तूंवर दाखवली : पाणी घडवंचीवरच्या गाद्यांपर्यंत, देव्हाऱ्याच्या खणापर्यंत, मीटरच्या पेटीखाली चार बोटे. दोन-तीन घरांच्या अशा खुणा एकमेकींशी ताडून पाहिल्या तेव्हा त्या आश्चर्य वाटावे इतक्या जुळल्या. मग दोन्ही काठांचा छेद, म्हणजे कोतर आडवे कापल्यावर दिसेल तशी जमिनीची आणि पुराची रेघ, एका कागदावर काढला. पूर दोन्हीकडे जवळजवळ एकाच पातळीला होता. पण पलीकडची जमीन आमच्या भरावापेक्षा कमरेइतकी खाली होती. आमच्या घरांत जे पाणी घोट्यापर्यंत आले ते त्यांच्याकडे छातीला लागले होते. भिंतीने पाण्याची सारी उंची वाढवली असे नव्हे, परंतु पसरायला जागा कमी पडल्याने ते वेगाने चढले, हे वेळेच्या नोंदींवरून दिसत होते. अनेकांच्या मोबाइलमधील फोटोंवर मिनिटासह वेळ होती.

आता कोतर भरल्याने काय जाते, याचा हिशेब मांडता आला. भराव दाखवलेला भाग सुमारे २०० मीटर लांब, सरासरी २० मीटर रुंद आणि ४ मीटर खोल होता. तेवढ्यात १६,००० घनमीटर पाणी मावते, म्हणजे १ कोटी ६० लाख लिटर. १०,००० लिटरच्या टँकरने मोजले तर १,६०० टँकर. शहराच्या पुरापुढे हे काहीच नाही, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. पण हे पाणी शहरभर वाटले जाणार नव्हते. ते आमच्या आणि समोरच्या घरांत येणार होते.

दुसरा हिशेब आमच्या हरकतीचा कणा ठरला. समजा योजना १०० हेक्टरची आहे. मोकळ्या जागेचे ५ टक्के म्हणजे ५ हेक्टर, अर्थात ५०,००० चौरस मीटर. कोतराची ८०० मीटर लांबी धरून त्याच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ३० मीटर राखले, तर ४८,००० चौरस मीटर लागतात. म्हणजे कपात एका टक्क्यानेही न वाढवता कोतर वाचवता येते. फक्त सात त्रिकोण एका पट्ट्यात आणायचे. सयाजीबाग १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठावर झाली. तिच्यात पाणी शिरते, पिंजऱ्यांतील प्राण्यांचे हाल होतात हे खरे आहे. पण हिरवळीवर गाळ बसला म्हणून कोणाचे घर पडत नाही. भिजू शकणारी जमीन भिजणाऱ्या जागी ठेवावी, इतकेच आम्ही मागत होतो.

एवढे सरळ गणित मान्य होईल या समजुतीने आम्ही मालकांच्या सभेला गेलो आणि तिथे आमचे कोणी ऐकले नाही. वसाहतीचा भूखंड आधीच बांधलेला असल्याने आमचा ओपी आणि एफपी एकच होता. आमचे काही जाणार नव्हते, म्हणून आमच्या बोलण्याला वजन नव्हते. बंगलेवाल्यांना मागच्या बाजूला बाग हवी आहे, असे एका शेतकऱ्याने स्पष्ट सांगितले. भरावाच्या पट्टीवरच्या गाड्या पाहिल्या तर त्याला खोटे म्हणता येत नव्हते.

कोंडी फुटली ती वेगळ्याच टोकाने. कोतराच्या उतारावर ज्यांची शेते होती ते चार खातेदार एका संध्याकाळी काकांकडे तो छेद पाहायला आले. त्यांची अर्धी जमीन पोटखराबा असली तरी योजनेत ती क्षेत्रफळात धरली जाते. मूळ किमतीत मात्र ती मार खाते. मसुद्यात त्यांना जागच्या जागी, कोतराच्या कडेला एफपी दिले होते. टीपी स्कीममध्ये एफपी जागच्या जागीच द्यावा असे बंधन नसते. कोतराचा पट्टा मोकळी जागा झाला, तर या चौघांचे भूखंड वर, सपाटीला आणि रस्त्याला लागून येऊ शकत होते. आम्ही दोन महिने पर्यावरण म्हणत होतो. त्यांनी अर्ध्या तासात “आम्हाला वर प्लॉट मिळतो” असे म्हटले आणि त्याच नकाशाला मालक मिळाले. यात मला कमीपणा वाटत नाही. वरच्या सपाटीवरचे खातेदार अर्थातच रुसले, कारण त्यांना थोडे सरकावे लागणार होते. त्यांतील दोघांची समजूत रस्त्याचा कोपरा देऊन निघाली. बाकीच्यांनी शेवटपर्यंत विरोधाचा अर्ज मागे घेतला नाही.

झोपड्यांतील लोक मालक नसल्याने त्यांना सभेची नोटीस नव्हती. त्यांच्या सह्यांचा अर्ज आम्ही हरकतींबरोबर दिला, तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ओपी क्रमांकाचा रकाना रिकामा आहे म्हणून तो परत केला. दुसऱ्या दिवशी रकान्यात “ओपी नाही, रहिवासी” असे लिहून तोच अर्ज आवक विभागात दिला आणि शिक्का घेतला. त्यांची मागणी एका ओळीची होती : दुर्बल घटकांची घरे सखल भूखंडावर नकोत, आणि शक्य तर याच योजनेत.

मसुदा शासनाकडे जाताना त्यात तीन बदल झाले. मोकळ्या जागेच्या सातपैकी पाच तुकड्यांची एकत्रित पट्टी कोतराच्या खालच्या दोन-तृतीयांश लांबीवर आली. दुर्बल घटकांच्या घरांचा भूखंड आणि विक्रीसाठीच्या भूखंडांपैकी एक यांची अदलाबदल झाली; विक्रीचा भूखंड आता सखल जागी आहे आणि त्याची किंमत त्यामुळे उतरेल, हे योजना आखणाऱ्या प्राधिकरणाने पत्करले. चार खातेदार वर गेले. १८ मीटरचा रस्ता मात्र जागचा हलला नाही. तो कोतर ओलांडतोच, आणि ओलांडताना खाली स्लॅबची मोरी नव्हे तर सिमेंटचे पाइप दाखवलेले आहेत.

पट्टीबद्दल वसाहतीत एक भीती होती, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. विश्वामित्रीत मगरी आहेत. शहरातून जाणाऱ्या पट्ट्यात फेब्रुवारी २०२५ च्या गणनेत ४०० च्या वर मोजल्या गेल्या. पुरानंतर आमच्याच पार्किंगमधून वनखात्याच्या माणसांनी एक मगर नेली होती. कोतर मोकळे ठेवले तर मगरी दारात येतील, असे काहींचे म्हणणे होते. मादी हिवाळा सरताना मातीच्या काठात खड्डा करून अंडी घालते आणि पिल्ले पावसाच्या तोंडावर निघतात. तिला मऊ मातीचा, शांत काठ लागतो. काठ दगडांनी बांधून काढले की ती नाहीशी होत नाही, जागा शोधत फिरते आणि मग पार्किंगमध्ये सापडते. शेवटी पट्टीच्या वरच्या कडेला जाळीचे कुंपण आणि खाली मातीचा उतार तसाच, असे ठरले.

भिंतीचे काय करायचे, हा विषय वसाहतीच्या सभेत तीनदा पुढे ढकलला गेला. समोरच्या बाईंचे वाक्य सर्वांना आठवत होते आणि छेदाचा कागद सूचनाफलकावर होता, तरीही ज्यांच्या गाड्या त्या पट्टीवर उभ्या राहतात त्यांना ते पटणे कठीण होते. चौथ्या सभेत थोड्या मतांनी ठराव झाला की भराव काढायचा, भिंत आत घ्यायची आणि तोवर तिच्यात पाच ठिकाणी बाकोरी पाडायची. बाकोरी पाडली. भराव अजून निघालेला नाही. कंत्राटदाराचा दर आला आहे, वर्गणी अर्धी जमली आहे आणि दोन घरे अजून आमच्याशी बोलत नाहीत.

योजना आता नगररचना अधिकाऱ्यांपुढे आहे. रस्त्याखालच्या पाइपांबद्दलची नवी हरकत गेल्या महिन्यात दिली. तिच्यासोबत पुराच्या पातळीचा छेद जोडला आहे आणि त्यावर प्रस्तावित पाइपांचे तोंड लाल पेन्सिलने दाखवले आहे. २०२४ च्या रेघेपासून ते हातभर खाली येते, म्हणजे असा पूर पुन्हा आला तर पाइप पूर्ण बुडतील आणि रस्ता धरणासारखा आडवा राहील. सुनावणीला काका नळी घेऊन येणार आहेत. कार्यालयाच्या भिंतीवर ती लावून दाखवू देतील का, हे विचारून ठेवायला त्यांनी मला सांगितले आहे.